संघ गावाचा की मालकाचा?

चार सुशिक्षित माणसे एकत्र बसून खेळांविषयी बोलू लागली की हल्ली एक तक्रार हमखास कानी येते. ती अशी : आपण युरोपचे अनुकरण केले आणि आपल्या खेळांचा बाजार झाला. कबड्डीच्या मातीवर मॅट आली, दिव्यांचा झगमगाट आला, खेळाडूंवर बोली लागू लागली, संघाला मालक आला. आणि हे सारे पाप म्हणे युरोपातील फुटबॉल क्लबांचे! बोलणारी माणसे वयाने आणि अनुभवाने मोठी असतात, म्हणून ऐकणारे मान डोलावतात आणि दुसऱ्या चहाची वाट पाहतात.

माझे म्हणणे या तक्रारीच्या नेमके उलट आहे. आपण युरोपचे अनुकरण केलेलेच नाही. केले असते तर फार बरे झाले असते. आपण नक्कल केली ती अमेरिकेतील व्यापारी संघांची, आणि वर पाटी लावली युरोपची.

फरक नीट समजून घ्यावा. अमेरिकेत व्यावसायिक संघ ही बहुधा मालकाच्या नावावरची मिळकत असते. ठरावीक संघांना परवाने मिळतात. बाहेरच्याला आपल्या खेळाच्या जोरावर आत येता येत नाही, आणि आतला कितीही हरला तरी बाहेर जात नाही. मालकाला दुसऱ्या गावी नफा दिसला तर तो संघ उचलून तिकडे नेतो. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा डॉजर्स हा बेसबॉलचा संघ १९५७ चा हंगाम संपताच असाच लॉस एंजेलिसला गेला आणि ब्रुकलिनची माणसे हात चोळत राहिली. युरोपात क्लब आधी गावाचा, मग आणखी कोणाचा. बार्सिलोना आणि रेआल माद्रिद हे एवढे जगप्रसिद्ध क्लब. पण ते आजही वर्गणी भरणाऱ्या सभासदांच्या मालकीचे आहेत आणि त्यांचा अध्यक्ष सभासद निवडून देतात. जर्मनीत १९९८ पासून असा नियम आहे की, दोन-चार अपवाद सोडले तर, क्लबातील निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या संस्थेकडेच राहिली पाहिजेत. कोट्यधीश तेथेही आहेत. पण त्यांना सभेत हात वर करणाऱ्या माणसाचा हिशेब ठेवावा लागतो.

आम्ही राहतो त्या द्रोणागिरीची कथा उरण तालुक्यात सर्वांना ठाऊक आहे. लक्ष्मणासाठी मारुतीने द्रोणागिरी पर्वत उचलून नेला, त्याचा एक तुकडा वाटेत करंज्याजवळ समुद्रकाठी पडला, तोच आमचा डोंगर. मारुतीला वनस्पती ओळखता आली नाही, पण त्याने निदान डोंगरासह संजीवनी तरी आणली. आमच्या क्रीडाधुरीणांनी डोंगर आणला आणि संजीवनी तेथेच ठेवून आले.

ती संजीवनी कोणती? तिचा शोध घ्यायचा तर युरोपातील क्लबांच्या स्पर्धांचा जन्म कसा झाला ते पाहावे लागेल. तो जन्म एका वर्तमानपत्री भांडणातून झाला आहे, म्हणून या पानावर त्याची आठवण काढणे अप्रस्तुत होणार नाही. १९५४ च्या डिसेंबरात वुल्व्हरहॅम्प्टनच्या संघाने हंगेरीच्या होनवेद संघाला ३-२ असे हरवले आणि इंग्लंडमधील एका दैनिकाने लगेच आपला संघ जगज्जेता असल्याची द्वाही फिरवली. पॅरिसच्या 'लेकिप' या क्रीडापत्रातील गाब्रिएल आनो याला ही घाई रुचली नाही. त्याने लिहिले ते थोडक्यात असे : तुमच्या घरच्या चिखलात एक सामना जिंकलात, ठीक आहे, आता त्यांच्या घरी जाऊन खेळा, इतर देशांतल्या क्लबांशी खेळा, मग काय ते बोला. या वादातून १९५५ साली युरोपचा क्लब-चषक सुरू झाला. पहिला अंतिम सामना जून १९५६ मध्ये पॅरिसला झाला आणि रेआल माद्रिदने राँसच्या संघाला ४-३ असे हरवले. पहिल्या वर्षी निमंत्रणे होती. पुढल्या वर्षापासून आपापल्या देशाचे विजेतेपद हाच प्रवेशाचा मुख्य परवाना झाला.

ही कल्पना एवढी साधी आणि एवढी न्याय्य होती की बाकीच्या खेळांनी ती भराभर उचलली. हँडबॉलने १९५६-५७ मध्ये, बास्केटबॉलने १९५८ मध्ये, व्हॉलीबॉलने १९५९-६० मध्ये, आइस हॉकीने १९६५-६६ मध्ये आणि रग्बीने बऱ्याच उशिरा, १९९५-९६ मध्ये. खेळ वेगळे, नियम वेगळे. पण पायाचा दगड एकच. गावच्या क्लबाने तालुक्यात जिंकावे, तालुक्यातून प्रांतात, प्रांतातून देशात, आणि देशात पहिले येणाऱ्याने शेजारच्या देशातल्या पहिल्याशी दोन हात करावेत. एक सामना आमच्या अंगणात, एक तुमच्या. हरला तो एक पायरी खाली, जिंकला तो एक पायरी वर. ही शिडी म्हणजेच ती संजीवनी.

शिडी असली म्हणजे काय होते? क्लाक्सव्हीक हे फेरो बेटांवरचे मासेमारीचे बंदर. वस्ती जेमतेम पाच हजारांची. म्हणजे आमच्या करंज्याच्या बंदराला परके वाटू नये असे गाव. २०११ च्या जनगणनेत उरण तालुक्याची लोकसंख्या दीड लाखाच्या वर भरली. अशी तीस क्लाक्सव्हीके तिच्यात मावतील. त्या गावचा क्लब १९०४ साली स्थापन झालेला. २०२३ च्या जुलैत त्याने बुडापेस्टला जाऊन फेरेन्स्वारोश या हंगेरीच्या विजेत्या संघाला त्याच्याच घरी ३-० असे हरवले, आणि त्या हंगामात युरोपच्या तिसऱ्या दर्जाच्या स्पर्धेची गटफेरी गाठणारा तो फेरो बेटांचा पहिला क्लब ठरला. कोणा मालकाने त्या गावावर बोली लावली नव्हती. गाव आपल्या पायांनी शिडी चढले.

पोलंडमध्ये केंजिएझिन-कोझ्ले नावाचे साठ हजारांच्या आसपास वस्तीचे गाव आहे. तेथे खताचा कारखाना, आणि कारखान्याच्या नावावरूनच तेथल्या व्हॉलीबॉल संघाचे 'झाक्सा' हे नाव पडले. हा संघ २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षे युरोपचा विजेता झाला. आता आमच्याकडे पाहा. थळला खताचा कारखाना आहे, उरणला तेल आणि वायूचा प्रकल्प आहे, बोकडविऱ्याला वायूवर चालणारे वीजकेंद्र आहे, शेजारी देशातले एक अव्वल बंदर आहे. व्हॉलीबॉलची जाळी तर रायगडात जागोजाग बांधलेली दिसते. मग आमच्या गावच्या व्हॉलीबॉल संघाने निदान महाराष्ट्राचा विजेता क्लब व्हायचे ठरवले तर त्याने कोणत्या दाराने जावे? दारच नाही. राष्ट्रीय स्पर्धा होतात त्या राज्यांच्या निवडक संघांच्या. आणि शहरांच्या नावांनी ज्या लीग भरतात तेथे खिशात पैसा असणाऱ्याला प्रवेश आहे, खेळ असणाऱ्याला नाही.

कोणी म्हणेल, ही शिडीबिडी आपल्या मातीत रुजणारी नव्हे. इतिहासाचे इतके विस्मरण बरे नव्हे. मुंबईत डॉ. कांगा लीग १९४८ पासून ऐन पावसाळ्यात खेळली जाते. तिच्यात एकाखाली एक श्रेणी आहेत. खालच्या श्रेणीतला क्लब जिंकला की वर चढतो, वरचा हरला की खाली येतो. सुनील गावसकर आणि दिलीप वेंगसरकर ज्या दादर युनियनमधून पुढे आले तो अशा क्लबांपैकीच एक. त्याही आधी १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला. प्रारंभी तो गोऱ्या पलटणींची मिरासदारी होता. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सने आणि १९४० साली कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने तो जिंकून ती मोडली. या शतकाच्या आरंभी तो बंद पडला. कबड्डीची आणि खो-खोची नियमावली तर आपल्याकडच्या जिमखान्यांनी आणि आखाड्यांनीच घडवली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी कबड्डीसाठी आयुष्य वेचले, ते गावोगावच्या मंडळांच्या भरवशावर. क्लब ही वस्तू आपल्याला परकी नव्हतीच. ती आपल्या घरात होती, आणि आपण ती अडगळीत टाकली.

तिच्या जागी काय आणले? पुण्याचे उदाहरण पुरे आहे. आयपीएलमध्ये २०११ साली पुण्याच्या नावाचा संघ आला. गहुंजे येथील मैदान तयार नव्हते, म्हणून पुण्याच्या संघाचे घरचे सामने त्या वर्षी आमच्या नेरूळला झाले! पुढे मालकांचे आणि नियामक मंडळाचे बिनसले आणि २०१३ साली संघ गेला. २०१६ साली दुसऱ्या मालकाचा दुसरा संघ आला, २०१७ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, केवळ एका धावेने हरला, आणि नंतर तोही संपला. दोन वर्षांचीच मुदत होती. पुण्यासारख्या मानी शहराच्या नावाचे दोन संघ आले आणि गेले. एक मोर्चा निघाला नाही. निघणार तरी कशाला? जे कधी आपले नव्हते ते गेल्याचे दुःख कोणाला होते?

याउलट १८ एप्रिल २०२१ रोजी युरोपात काय झाले ते आठवा. बारा धनाढ्य क्लबांनी जाहीर केले की आम्ही आमची वेगळी स्पर्धा काढतो, तिच्यात संस्थापकांची जागा कायमची राखीव राहील. म्हणजे तेथल्या श्रीमंतांनी अमेरिकेचीच नक्कल करायचे ठरवले होते. दोन दिवसांत इंग्लंडमधील साध्या प्रेक्षकांनी मैदानांच्या दारांवर गर्दी केली. त्यांत बसचालक होते, शाळामास्तर होते, आजोबांचा हात धरून आलेली पोरे होती. २० तारखेच्या रात्री इंग्लंडच्या सहाही क्लबांनी माघार घेतली. त्या माणसांकडे क्लबाचे शेअर नव्हते. पण क्लब आपला आहे ही भावना तीन-चार पिढ्यांची होती. ही भावना लिलावात विकत मिळत नाही.

युरोप म्हणजे रामराज्य आहे असे मात्र मी म्हणत नाही. बास्केटबॉलची तेथली सर्वांत मोठी स्पर्धा २००० पासून क्लबांच्या कंपनीच्या हाती गेली. तिच्यात बऱ्याच क्लबांना दीर्घ मुदतीचे परवाने आहेत, आणि २०२५ साली तिची अखेरची फेरी युरोप सोडून अबू धाबीत भरली. फुटबॉलमध्येही १९९७ नंतर मोठ्या देशांच्या पहिल्याबरोबर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकालाही प्रवेश मिळू लागला. परिणाम काय झाला? १९८६ मध्ये बुखारेस्टचा आणि १९९१ मध्ये बेलग्रेडचा क्लब जो चषक घरी नेऊ शकला, तो २००४ च्या पोर्तोनंतर २०२५ पर्यंत पाच बड्या देशांच्या बाहेर गेला नाही. शिडीच्या वरच्या पायऱ्यांना तेल लावले की असे होते. पण शिडी अजून उभी आहे, आणि ती उभी राहावी म्हणून भांडणारी माणसे तेथे आहेत. आपल्याकडे शिडी उभी करण्याआधीच वरच्या मजल्याची तिकिटे विकून झाली.

फुटबॉलपुरती आपल्याकडे थोडी हालचाल दिसते, ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मुंबई सिटी या क्लबाने मैदानावर विजय मिळवून आशिया खंडाच्या क्लब-स्पर्धेत जागा मिळवली. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबाला २-१ ने हरवून या स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी रियाधचा अल-हिलाल हा बलाढ्य क्लब त्याच्याशी खेळण्यासाठी नेरूळला आला. मुंबईचा संघ ०-२ ने हरला. पण हजारो माणसे जागेवरून उठली नाहीत. हरलेल्या सामन्यालाही किती तेज असते ते त्या रात्री आमच्या खाडीकाठच्या शहराने पाहिले. मात्र या क्लबाचा ६५ टक्के हिस्सा २०१९ साली मँचेस्टर सिटीच्या मालक-समूहाने घेतला आणि २०२५ च्या अखेरीस सोडला. या येण्याजाण्यात गॅलरीतल्या माणसाचे मत विचारण्याची सोयच नव्हती. देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये खालून वर येण्याचे दार २०२३ पासून किलकिले झाले, तरी वरचा क्लब हरून खाली गेला असे २०२५ पर्यंत एकदाही घडले नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये व्यापारी करार संपत आल्यामुळे लीगचा हंगामच अनिश्चित काळासाठी लांबणीवर पडला. कागद संपला की खेळ थांबतो, असा हा सगळा पाया!

आता सर्वांत जोरदार आक्षेपाला उत्तर देतो. "तुमच्या मंडळांनी खेळाडूंना काय दिले? एक ढाल, एक नारळ आणि एक सतरंजीवरची झोप. लिलावाने त्यांचे घर उभे राहिले." हे खरे आहे आणि ते नाकारणारा माणूस निर्दय म्हटला पाहिजे. २०१४ मध्ये प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात राकेश कुमारला सर्वांत मोठी, १२ लाख ८० हजारांची बोली लागली. २०२३ मध्ये पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार मिळाले. कबड्डी खेळणाऱ्याच्या हातात असा पैसा येताना पाहून मला आनंदच झाला. पण युरोपातल्या खेळाडूला काही कमी पैसे मिळतात काय? तेथे खेळाडूला पैसा मिळतो आणि गावाला संघही मिळतो. शिवाय तेथे खेळाडू क्लब निवडतो, करारावर बोलतो, नाही म्हणू शकतो. लिलावात त्याने आपली किंमत ऐकायची असते. आणि जो शे-दोनशे खेळाडूंना वेचून नेतो तो बाजार उरलेल्या हजारोंचे काय करतो? त्यांच्या मंडळाच्या विजयाला वर जाण्याची वाट नसते, म्हणून त्या मंडळाला अर्थ उरत नाही, म्हणून मैदान ओस पडते.

मुलींचे तर विचारूच नका. त्याच आयोजकांनी २०१६ साली स्त्रियांसाठी तीन संघांची एक छोटी स्पर्धा भरवली. पुढे ती भरली नाही. तिकडे हंगेरीतील ग्योर या शहराच्या क्लबाच्या मुलींनी हँडबॉलचा युरोप-चषक २०२५ पर्यंत सात वेळा जिंकला. आपल्या मुली कमी पडतात असे कोणी म्हणू नये. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळच्याच मैदानावर भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्या रात्री द्रोणागिरीच्या इमारतींतही फटाके वाजले. दुसऱ्या दिवशी सकाळी एखाद्या मुलीने आईला विचारले असेल, "मी कुठे खेळायला जाऊ?" त्या प्रश्नाला आपल्या गावात उत्तर आहे काय?

येथवर मालकांना आणि आयोजकांना बोललो. आता स्वतःच्या माणसांना बोलतो, कारण परक्याला शिव्या देण्यात धाडस लागत नाही. नवघर, पागोटे, फुंडे, भेंडखळ, केगाव, चाणजे या आमच्या गावांत क्रिकेट आणि कबड्डी रक्तात आहे. पण अलीकडे गावोगावच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धांतही लिलाव शिरला आहे. निवडणूक जवळ आली की स्पर्धांना ऊत येतो. बक्षिसाची मोटारसायकल मंडपात उभी राहते, तिच्यापेक्षा मोठे भाऊंचे छायाचित्र उभे राहते. गावचीच आठ-दहा नावे 'मालक' म्हणून खुर्च्यांवर बसतात आणि गावच्याच पोरांवर बोली लावतात. ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारले जाते. सतरा-अठरा वर्षांचा पोरगा मित्रांच्या घोळक्यात उभा असतो. बोली येत नाही. निवेदक हसत इंग्रजीत सांगतो, "अनसोल्ड!" सगळे हसतात, तोही हसतो. घरी गेल्यावर तो आईला काय सांगतो ते कोणी विचारत नाही. त्याचा बाप आणि आजा याच गावच्या संघातून खेळले असतील. त्यांना संघात घ्यायचे की नाही हे खेळ पाहून ठरत असे, पण ते 'न विकलेले' कधी ठरले नव्हते. ज्या गावांनी जमिनीच्या किमतीसाठी लढा दिला, जानेवारी १९८४ मध्ये ज्यांचे पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले, दि. बा. पाटलांच्या मागे उभे राहून ज्यांनी साडेबारा टक्क्यांचा हक्क मिळवला, त्या गावांनी आपल्या पोरांना हौसेने लिलावात उभे करावे, याची मला शरम वाटते.

आणि जमिनीचा विषय निघालाच आहे तर मैदानाचेही बोलू. भातशेती आणि मिठागरे गेली, त्यांच्यावर कंटेनरची आवारे आणि इमारती उभ्या राहिल्या. भात कापून झाल्यावर जी शेते आपोआप मैदाने होत, ती गेली. नव्या शहरात मैदान आपोआप होत नाही. ते राखावे लागते. नवी मुंबईतच घणसोलीची गोष्ट घडली आहे. तेथे २००३ साली शासकीय क्रीडासंकुलासाठी जागा ठरली. पुढे त्यातला काही भाग इमारतींसाठी गेला, आणि २०२१ मध्ये ठरले की संकुल माणगाव तालुक्यात, सुमारे ११५ किलोमीटर दूर न्यावे! घणसोलीच्या मुलाने संध्याकाळी सराव करून रात्री जेवायला परत केव्हा यावे? प्रकरण न्यायालयात गेले. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही त्यात फेरबदल करण्यास नकार दिला. कोणी भांडले म्हणून ते झाले. द्रोणागिरीच्या नकाशावर हिरव्या रंगाने जे जे दाखवले आहे त्याच्यासाठी भांडायला एक संघटित क्लब हवा. सभासदांची वही असलेला क्लब मैदानासाठी न्यायालयात उभा राहू शकतो. लिलावाच्या मालकाला मैदानाचे काय? तो ते चार दिवसांच्या भाड्याने घेतो.

द्रोणागिरीसारख्या गावाला क्लबाची गरज आणखी एका कारणासाठी आहे. १२ जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल धावू लागली, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली कुटुंबे येथे घरे घेऊ लागली. गावठाणातला आगरी-कोळी माणूस आणि सेक्टरातला नवा माणूस एकमेकांना ओळखत नाहीत. ओळख होते ती बहुधा गाडी लावण्याच्या भांडणात. स्पेनमधला बिल्बाओचा क्लब पाहा. १८९८ सालचा, सभासदांच्या मालकीचा, केवळ आपल्या बास्क प्रांतातले खेळाडू घेणारा, आणि तरीही देशाच्या सर्वोच्च श्रेणीतून एकदाही खाली न गेलेला. २०२५-२६ मध्ये तो युरोपच्या पहिल्या दर्जाच्या स्पर्धेत खेळला. पण त्याचा आघाडीचा खेळाडू इन्याकी विल्यम्स याचे आईबाप घाना देशातून आलेले आहेत. पोरगा येथे वाढला, येथे खेळायला शिकला, म्हणजे तो आमचा, एवढा साधा त्यांचा निवाडा आहे. भूमिपुत्र या शब्दाचा इतका उदार आणि इतका कणखर अर्थ आम्हाला शिकता आला तर आणखी काय हवे?

म्हणून माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक गावाचा आणि प्रत्येक सेक्टराचा एक क्लब असावा. त्याची नोंदणी असावी, वर्षाची वर्गणी असावी, हिशेब भिंतीवर लागावा. तालुक्यात कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आणि फुटबॉल यांची श्रेणीबद्ध लीग असावी; जिंकेल तो वर, हरेल तो खाली, आमदारांचा क्लब असला तरी खाली. प्रत्येक जोडीचे सामने दोन, एक यांच्या गावात आणि एक त्यांच्या, म्हणजे पाहुण्या संघाला जेवू घालण्याची जुनी रीतही परत येईल. ज्या क्लबाला मुलींचा संघ नाही त्याला वरच्या श्रेणीत प्रवेश नसावा. जिल्ह्याच्या विजेत्याने राज्याच्या विजेतेपदासाठी खेळावे, आणि देशाचा विजेता क्लब उद्या आशियातल्या विजेत्यांना आव्हान देईल. कबड्डीत तर हे आव्हान आपण द्यावयाचे आणि जगाने घ्यावयाचे.

हे सारे सरकारने करावे असे म्हणून स्वस्थ बसण्याची आपल्याला सवय आहे. सरकारने मैदान राखावे. क्लब मात्र सरकार काढून देत नसते. क्लाक्सव्हीकच्या माणसांनी तो १९०४ साली स्वतः काढला. या दिवाळीत फटाक्यांची एक माळ कमी घ्या आणि तेवढ्या पैशांत आपल्या गावच्या मंडळाचे सभासद व्हा. घरातल्या मुलीच्या नावानेही एक पावती फाडा. पावती जपून ठेवा, आणि वार्षिक सभेची सूचना आली की जाऊन बसा. तेथे कोणी लिलावाचा ठराव मांडला तर हात वर करून विरोध नोंदवा. तो हात वर करण्याचा अधिकार म्हणजेच क्लब.